तुझी चित्रं लहान का झाली

बाळा,

काल रात्री फोनवर तू म्हणालीस, आण्णा इथं मुंबईत भाडं परत वाढलंय, मी कोल्हापूरला येऊ काय, तुम्ही सांगा. आणि मी काहीच बोललो नाही. तुला वाटलं असेल आण्णा नाराज झाले. नाराज नाही ग. आई शेजारी बसून खुणा करत होती की हो म्हणा, लगेच हो म्हणा, आणि मला कळत होतं की आत्ता हो म्हटलं तर ते आमच्या दोघांच्या सोयीचं हो असणार, तुझ्या चित्राचा त्यात काही विचार नसणार. म्हणून रात्रभर डोक्यात घोळवून आता दुकानात बसून टाईप करतोय, लांबलं तर सावकाश वाच.

पहिली गोष्ट, जी मी दोन वर्षं बघतोय आणि तुला बोललो नाही. तुझी चित्रं लहान झाली. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला तू गंगावेशीतला दूध कट्टा काढलेलास, सहा फूट बाय चार फूट, माडीवर भिंतीला टेकवून महिनाभर चाललेलं, घरभर टर्पेंटाईनचा वास, आणि कट्ट्यावरचा तो म्हातारा गवळी मुद्दाम बघायला आला आणि जिन्यावरूनच ओरडला, ही माझी म्हस! शिंगावरनं ओळखली त्यानं. आणि मागच्या दिवाळीला तू आलीस तेव्हा वर्षभराची अकरा चित्रं एका पिशवीत मावली. सगळी बारा इंच बाय बारा इंच. मी विचारलं तर म्हणालीस, आता माझी स्टाईल अशी झालीय. मी गप्प बसलो, पण मला पटलं नाही, कारण स्टाईल अशी होत नाही. नालासोपाऱ्याच्या एका खोलीत तिघी जणी, टेबल घडी घालून कॉटखाली सरकवायचं, बाकीच्या दोघींचं टर्पेंटाईननं डोकं दुखतं म्हणून तू ऑईल सोडून ॲक्रिलिकवर आलीस, आणि विरारच्या लोकलमध्ये जेवढं छातीशी धरून उभं राहता येतं तेवढाच कॅनव्हास. ही साईज तू ठरवलेली नाहीस, घरमालकानं आणि लोकलच्या दारानं ठरवलीय.

भाड्याचे नऊ हजार जातात ते मला एवढं लागत नाही. ते नऊ हजार मिळवायला तू आठवड्यातले चार दिवस पोरांचे ड्रॉईंग क्लास घेतीस, रात्री जाहिरातवाल्यांची कामं करतीस, जाण्यायेण्यात रोजचे तीन-चार तास जातात, आणि चित्राला उरतो एक रविवार, त्यात धुणं असतं. हे मला लागतं. पैसे परत मिळतात, सत्ताविसाव्या वर्षातले हात परत मिळत नाहीत.

एवढं वाचून तुला वाटेल की मग आण्णा ये म्हणणार. थांब, दुसरी बाजू पण सांगतो.

मी १९८८ ला मुंबईत आठ महिने होतो हे तुला माहीत आहे, दादरला सिनेमाचे बॅनर रंगवायचो आणि कारखान्यातच झोपायचो. पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. एकदा मी हिरोचा चेहरा दोन दिवस बसून रंगवला, सहा फुटाचा नुसता चेहरा, मला वाटलं लई भारी झालाय. तिथले जे उस्ताद होते ते आले, लांब जाऊन उभे राहिले, परत आले, आणि टर्पेंटाईनचं फडकं घेऊन दोन्ही डोळे पुसून टाकले. म्हणाले, नाक जिवंत आहे, डोळे मेलेत, परत कर. मला रडू आलं, पण परत केले आणि ते डोळे खरंच रस्त्याच्या पलीकडनं बघायला लागले. मग वडलांचं आजारपण निघालं आणि मी आलो. आल्यापासून पस्तीसेक वर्षं मी इथं बोर्ड लिहितोय, दोरी मारून, खडूनं आखून, शेडिंग देऊन, आणि एवढ्या वर्षांत एकानं माझं एक अक्षर पुसलेलं नाही. सगळे म्हणतात, वा पेंटर, एक नंबर. गाव मायेचं आहे म्हणून म्हणतात. पण माझं अक्षर १९९५ ला जिथं होतं तिथंच राहिलं, आणि पुढं फ्लेक्स आला तेव्हा माझ्याकडं दुसरं काही नवीन नव्हतं.

इथं खोली स्वस्त, दूध स्वस्त, आणि चित्र पण स्वस्त, हे लक्षात ठेव. तू आलीस की पहिल्या आठवड्यात तालमीची पोरं येतील, ताई गणपतीच्या मागचा पडदा तेवढा काढून द्या की, आपलंच मंडळ आहे. मग कुणाच्या तरी आजोबांचं पोर्ट्रेट, फोटोवरनं, पैसे कार्य झाल्यावर. आपलीच पोरगी आहे ह्या एका वाक्यात वर्षं जातात, मी घालवलीत. शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शन लावलंस तर सगळी भावकी येईल, कौतुक करील, चहा पिऊन जाईल, आणि विकत घेणारा एखादा. तिकडं मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीला नंबर लागायला वर्षं जातात हे खरं, पण तिथं जो माणूस आत येतो तो तुझा कुणी नसतो, आणि तुझा कुणी नसलेला माणूस चित्रासमोर थांबला तर ते थांबणं खरं असतं.

आपल्या गावाला आपण कलापूर म्हणतो, मी पण छाती फुगवून म्हणतो. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून परत इथं आले, रंकाळा आणि कोटितीर्थ काढत बसले, आणि त्यांच्यासारखं पाणी अजून कुणाला जमलेलं नाही असं मला वाटतं. पण ते निभलं कारण शाहू महाराज होते. १९२२ ला महाराज गेले आणि आबालालांचा आधार गेला, दुःखात त्यांनी आपली चित्रं पाण्यात सोडली असं जुनी माणसं सांगायची. दरबारचे गायक अल्लादियाखाँसाहेब, ते पण महाराज वारल्यावर मुंबईला गेले. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला इथं निघाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. लहान गावाचं हेच असतं, एक माणूस धरतो तोवर धरतो, तो गेला की दुसरा दरवाजा नसतो. मुंबईत एकानं नाही म्हटलं तर पुढच्या गल्लीत दुसरा असतो.

आणि तरीपण बाबूराव पेंटर इथंच राहिले ना. नाटकाचे पडदे रंगवणारा माणूस, स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० ला सैरंध्री सिनेमा काढला. त्यांच्याकडं शिकलेली माणसं होती आजूबाजूला, रोज उठून एकमेकांचं काम बघणारी. मला वाटतं खरी गोष्ट इथं आहे. तूच मला त्या चित्रकार भूपेन खख्खरांचं सांगितलेलंस, मुंबईचा माणूस, शिकलेला सीए, १९६२ ला मुंबई सोडून बडोद्याला गेला, अर्धा वेळ हिशेबाची नोकरी करायचा आणि उरलेला वेळ चित्रं. घड्याळ दुरुस्तीची दुकानं, न्हावी, आमच्यासारख्या बोर्डवाल्यांचे रंग, ते तू मोबाईलवर दाखवलेलंस तेव्हा मला किती आनंद झालेला. पण बडोद्यात आर्टचं कॉलेज होतं, गुलाममोहम्मद शेखांसारखे चित्रकार मित्र होते, भांडायला माणसं होती. नुसतं स्वस्त म्हणून गेला असता तर चांगला अकाउंटंट झाला असता.

तेव्हा माझं म्हणणं असं. ये. पण भाडं परवडत नाही म्हणून येऊ नकोस, मोठं चित्र काढायचंय म्हणून ये. काय काढणार ते ठरवून ये, दोन वर्षं धर, आणि ते होईपर्यंत पडदे, पोर्ट्रेट काही घ्यायचं नाही, तालमीच्या पोरांना मी सांगतो, माझ्यावर चिडतील, चिडू देत. ड्रॉईंगचे क्लास लागले तर दोन दिवस घे, बास. आणि महिन्यातनं एकदा महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जायचंच, झालेल्या कामाचे फोटो घेऊन, तुझ्या त्या कडक मॅडमना दाखवायचे ज्यांच्यामुळं तू रडत फोन करायचीस. त्यांना सोडू नकोस. तिकिटाचे पैसे मी देईन, हे कर्ज नाही, हा माझ्याकडचा रंगाचा खर्च समज. इथं मी तुझं चित्र वाईट म्हणू शकणार नाही ग, प्रयत्न केला तरी तोंडातनं निघणार नाही.

गल्लीतले लोक म्हणतील, आली परत, जमलं नाही वाटतं मुंबईत. मला पण १९८८ ला म्हटलेले आणि मी ते मनाला लावून घेतलं, लोकांना तोंड दाखवायला नको म्हणून जे काम येईल ते घेत सुटलो. तू तसं करू नकोस. मागच्या वेळी तू आईला मी येते, मी जाते म्हणत होतीस, पूर्वी आपल्या पोरींसारखं मी येतो, मी जातो म्हणायचीस. आईला जरा वाईट वाटलं. मला नाही वाटलं, तेवढी मुंबई तुझ्यात राहिली तर चांगलंच आहे.

आणखी एक. सकाळी माडी मोजली. चौदा बाय वीस आहे, जुने डबे आणि लाकडं काढली की सगळी मोकळी. उत्तरेची खिडकी लहान आहे, ती पाडून मोठी करता येते असं मिस्त्री म्हणाला, उत्तरेचा उजेड दिवसभर बदलत नाही, तुला माहीतच आहे. पण जिन्याचं वळण अवघड आहे, दूध कट्ट्याचं चित्र उतरवताना कोपरा घासलेला आठवतोय ना, अजून तसाच आहे. म्हणून त्या खिडकीतनंच चित्र दोरीनं खाली सोडायची सोय करावी म्हणतो. मिस्त्री सोमवारी येतोय. सगळ्यात मोठा कॅनव्हास किती फुटाचा करणार ते त्याच्या आत कळव, कमी सांगू नकोस.

आण्णा