तीन चेहऱ्यांच्या कार्डात न मावलेलं मत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग,
बार्बेक्यू स्ट्रीट फेस्टिव्हलची आयोजक कंपनी

विषय: फेस्टिव्हलमध्ये मिळालेलं अर्धकच्चं चिकन, धूर आणि राखेचा हलगर्जीपणा, आणि लोकांची मतं गोळा करायची तुमची पद्धत याबद्दल तक्रार

नमस्कार,

मागच्या शनिवारी आमच्या गल्लीत तुमच्या कंपनीने जो बार्बेक्यू फेस्टिव्हल भरवला होता तिथे मी, माझे मिस्टर, आमची नऊ वर्षांची मुलगी आणि माझी आई असे चौघं जण आलो होतो, रीतसर तिकीट काढून आणि कूपनं घेऊन. बाहेर पडताना गेटवरच्या तुमच्या मुलाने हातात एक कार्ड दिलं. त्यावर तीन चेहरे, एक हसरा, एक मधलाच आणि एक रुसलेला, त्यातल्या एकावर टिक करा आणि या डब्यात टाका असं तो म्हणाला. मी कार्ड उलटून बघितलं तर मागे लिहायला जागाच नाही, नुसती स्टॉलची नावं छापलेली. दोन ओळी लिहायला कागद मिळेल का विचारलं तर म्हणाला, मॅडम फक्त टिक करायचीय. मी टिक केली नाही, कार्ड घरी घेऊन आले, इतके दिवस फ्रीजवर लावून ठेवलं होतं, आणि त्यावर जे मावत नव्हतं ते या पत्रात लिहितेय.

तेव्हा मी इतकी चिडले नव्हते. चिडले ते सोमवारी सकाळी, गल्लीच्या तोंडाशी तुम्ही बोर्ड लावला तेव्हा. 'पाहुण्यांच्या पसंतीचा सर्वोत्तम स्टॉल' असं मोठ्या अक्षरात, आणि खाली ज्या स्टॉलचं नाव होतं त्याच स्टॉलने माझ्या मुलीला अर्धकच्चं चिकन दिलं होतं.

झालं काय ते नीट सांगते. गेटमधून आत आल्यावर डावीकडचा तो चिकनचा स्टॉल, तिथली रांग इतकी भराभर पुढे सरकत होती की आम्हालाही बरं वाटलं, मुलीला भूक लागली होती. जाळीखाली ज्वाळा चांगल्या वीतभर उठत होत्या, निखाऱ्यांवर राखेचा करडा थरसुद्धा आलेला नव्हता, म्हणजे कोळसा नीट पेटायच्या आधीच मांस वर टाकलं होतं. तंगड्या बाहेरून काळ्या झाल्या की उचलायच्या आणि द्यायच्या, दहा मिनिटंसुद्धा नाही. हाडासकटच्या तंगडीला मध्यम धगीवर अर्धा-पाऊण तास सहज लागतो हे घरी गच्चीवर चार वेळा ग्रिल लावणारा कुणीही सांगेल. आणि त्या मुलाच्या हातात चिमटा एकच होता, त्याच चिमट्याने ट्रेमधलं कच्चं चिकन उचलून जाळीवर ठेवायचं आणि त्यानेच शिजलेलं उचलून प्लेटमध्ये. मी म्हटलंसुद्धा त्याला की अरे दुसरा चिमटा घे बाबा, तर म्हणाला कंपनीने एकच दिलाय.

मुलीने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, आई हे आतून गार आहे.

मी तंगडी हातात घेऊन मोडली. वरची साल कोळशासारखी काळी, बोटाला काजळी लागली, त्याखाली जेमतेम अर्धा सेंटीमीटर पांढरं शिजलेलं मांस आणि त्याच्या आत हाडाला चिकटलेला गुलाबी, चकचकीत, जेलीसारखा गोळा. त्यातून पातळ लालसर पाणी ओघळून कागदी प्लेटमधल्या ब्रेडखाली गेलं आणि ब्रेड खालून भिजला. मी परत स्टॉलवर गेले तर उत्तर मिळालं की ग्रिलचं चिकन असंच दिसतं, धुराने गुलाबी होतं. आता हे बोलणं अगदीच खोटं नाहीये हे मलाही माहितीय. धुरामुळे मांसाला गुलाबी कडा येते आणि कोवळ्या कोंबडीचं हाडाजवळचं मांस पूर्ण शिजूनही कधीकधी लालसर दिसतं. पण म्हणूनच तर रंगावर जायचं नसतं ना, थर्मामीटर लावायचा असतो! चिकन आत, सगळ्यात जाड जागी, ७४ अंश सेल्सियसपर्यंत गेलं पाहिजे. त्या स्टॉलवर थर्मामीटर नव्हता. मी अजून दोन ठिकाणी विचारलं, तिथेही नव्हता.

थर्मामीटर होता तो फक्त शेवटच्या कोपऱ्यातल्या पोर्कवाल्या दादांकडे. मी आमची न खाल्लेली दुसरी तंगडी त्यांच्याकडे घेऊन गेले, त्यांनी काही न बोलता सुई आत खुपसली आणि आकडा माझ्याकडे वळवून दाखवला. ५२. तंगडी हातात घेतल्यापासून तोवर फारतर चार-पाच मिनिटं झाली असतील, तेवढ्यात ७४ वरून ५२ वर येणार नाही ती, मुळात पोचलीच नव्हती. मांस अर्धवट शिजलं की त्यातले साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू जिवंत राहतात आणि कॅम्पिलोबॅक्टरचा त्रास तर लगेच दिसतही नाही, बहुतेक वेळा दोन ते पाच दिवसांनी सुरू होतो. म्हणजे ते पाच दिवस आम्ही रोज सकाळी उठून पहिलं काम काय तर मुलीच्या कपाळाला हात लावून बघायचं, पोट दुखतंय का विचारायचं. तिला काही झालं नाही, देवाची कृपा. पण त्या पाच दिवसांचा घोर तुमच्या कुठल्या चेहऱ्यावर टिक करून सांगायचा होता मी?

आता त्या पोर्कवाल्या दादांबद्दल, कारण माझी खरी तक्रार इथे आहे. त्यांच्या स्टॉलवर पाटी होती की पोर्क शोल्डर ५ वाजता मिळेल. ५ वाजले, साडेपाच वाजले, रांग वाढत गेली, लोक वैतागले. तेव्हा ते स्वतः पुढे आले आणि सगळ्यांना समजावून सांगितलं की एवढा मोठा तुकडा मंद आचेवर ठेवला की ६५ ते ७५ अंशांच्या मध्ये कुठेतरी तापमान येऊन अडून बसतं, तासन्‌तास पुढे सरकत नाही, कारण मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन वाफ होतं आणि त्यात उष्णता निघून जाते, घाम येऊन अंग गार पडतं ना तसं. ते अडणं संपलं आणि आत ९० च्या पुढे गेलं की मगच आतले चिवट तंतू विरघळून मांस मऊ होतं, त्याआधी काढलं तर खाता येईल पण रबरासारखं लागेल. हे ते बोलत असतानाच तुमचा सुपरवायझर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला की आच वाढवा, लोक खोळंबलेत, रेटिंग खाली जाईल. दादा म्हणाले, नाही वाढवणार. तुकडा कागदात घट्ट गुंडाळला, परत आत ठेवला आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर मार्करने 'साडेसात' लिहून समोर लावलं.

आम्ही थांबलो. साडेसातला मिळालं. आईला दातांमुळे मांस चावत नाही, ती असल्या ठिकाणी बहुतेक मक्याचं कणीससुद्धा दुसऱ्याला देऊन टाकते, तिने काट्याने नुसतं टोचलं तर तंतू वेगळे झाले आणि तिने पूर्ण प्लेट संपवली. हे मी तुम्हाला का सांगतेय तर त्या स्टॉलला सगळ्यात जास्त रुसलेले चेहरे मिळाले म्हणून. गेटवरचा मुलगाच म्हणाला. साहजिक आहे, अडीच तास थांबून कंटाळून निघून गेलेल्या माणसाने दुसरं काय टिक करायचं? आणि चिकनवाल्याला हसरे चेहरे मिळाले कारण तिथे थांबावं लागलं नाही आणि लोक गेटवर लगेच टिक करतात, पोट बिघडायचंच असेल तर ते बिघडतं सोमवारी मंगळवारी. म्हणजे तुमच्या डब्यात पडली ती लोकांची घाई. मत पडलंच नाही. आणि त्यावर तुम्ही बक्षीस देऊन बोर्ड लावला, म्हणजे पुढच्या वेळी प्रत्येक स्टॉलवाला काय शिकणार, की भराभर काढा, कच्चं गेलं तरी चालेल.

रांगेत अडीच तास उभं राहून मी लोकांची मतं ऐकलीयत, ती तुमच्या कार्डापेक्षा खूप शहाणी होती म्हणून लिहिते. माझ्या पुढचे एक काका म्हणत होते, थांबायला माझी ना नाही पण वेळ लागणार हे दुपारीच सांगितलं असतं तर मी घरी जाऊन परत आलो असतो. एक ताई म्हणाल्या खायला छान आहे पण बसायला कुठे जागाच नाही, बाळाला कडेवर घेऊन एका हाताने रिब्स कशा खायच्या. दोन कॉलेजची मुलं नुसती बँडवर खूश होती, त्यांनी काही खाल्लंही नव्हतं आणि ती हसऱ्यावर टिक करणार होती. एक जण म्हणाला मांस खात नाही, मला मशरूम आणि ढोबळी मिरची पाहिजे होती पण ती त्याच जाळीवर, चिकनच्या रसात, मग मी तिकीट कशाला काढलं. यातलं एक तरी मत तुमच्यापर्यंत पोचलं का? सगळी ऐकण्यासारखी होती, आणि कुणीही फेस्टिव्हल बंद करा म्हणत नव्हतं.

ज्यांनी तिकीटच काढलं नाही त्यांचं मत तर तुम्ही विचारलंच नाही, म्हणजे ज्यांच्या खिडक्या गल्लीवर उघडतात त्यांचं. पहिल्या मजल्यावरच्या आजींना दमा आहे, दुपारी तीनपासून रात्री दहापर्यंत त्या मागच्या खोलीत दार लावून, फटीत ओला टॉवेल कोंबून बसल्या होत्या. बार्बेक्यू म्हटलं की धूर येणारच, मान्य आहे. पण कोळसा नीट पेटू दिला, हवा खेळती ठेवली आणि चरबी थेट निखाऱ्यावर ठिबकू दिली नाही तर धूर पातळ राहतो, जवळजवळ दिसत नाही. तो दादांच्या स्टॉलवर तसाच होता. बाकी ठिकाणी दाट पांढरा, डोळ्यांत झोंबणारा. एका मुलाने तर पेटत्या कोळशावर बाटलीतून पेटवायचं रॉकेलसारखं द्रव ओतलं, ज्वाळा त्याच्या कोपरापर्यंत आली आणि शेजारी लहान मुलं उभी होती. आणि मध्ये दहा मिनिटं पाऊस आला तेव्हा दोन स्टॉलवाल्यांनी ताडपत्री चारही बाजूंनी खाली सोडून आत ग्रिल चालू ठेवलं. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, बंद जागेत माणूस चक्कर येऊन पडेपर्यंत कळत नाही. माझ्या मिस्टरांनी ओरडून ताडपत्री वर करायला लावली. तुमचा एकही माणूस तिथे नव्हता.

रात्री राख प्लॅस्टिकच्या कचरापेटीत टाकली ते मी आमच्या बाल्कनीतून बघितलं. वरून विझलेले दिसणारे निखारे आत चोवीस तासांपर्यंत आणि कधी त्याहून जास्त वेळ धगधगत राहू शकतात, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच टाकावे लागतात. साडेअकराला पेटीची एक बाजू वितळून आत वाकली आणि खालच्या कागदी प्लेटा धुमसायला लागल्या, शेजारच्यांनी आणि आम्ही चार बादल्या पाणी ओतलं. फोटो सोबत जोडलाय.

कूपनांचं थोडक्यात, आमची तीन उरली, परत घ्यायला नकार दिला, नियम कूपनाच्या मागे इतक्या बारीक अक्षरात आहे की आईच्या चष्म्यातून मलाही दिसला नाही. त्यांचे पैसे परत करा.

आता मला काय पाहिजे ते स्पष्ट लिहिते. तो बोर्ड आधी काढा, चिकनवाल्या मुलाला ओरडू नका, त्याच्या हातात एकच चिमटा तुम्ही दिला होता. प्रत्येक स्टॉलला थर्मामीटर, कच्च्या आणि शिजलेल्यासाठी वेगळे चिमटे आणि ट्रे, राखेला पत्र्याचे डबे हे तुमच्या खर्चाने द्या, तिकिटाचे पैसे आम्ही त्यासाठीच देतो. शिजलेलं मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त पडून राहणार नाही आणि ऊन कडक असेल, ३२ अंशांच्या वर, तर एका तासाच्या वर नाही, याची नोंद ठेवणारा एक माणूस नेमा. पुढच्या वेळी कार्डावर चेहरे ठेवायचे तर ठेवा पण मागची बाजू कोरी सोडा, गेटवर चार पेनं ठेवा, दुसरं कार्ड गल्लीतल्या घरांमध्ये वाटा, आणि आलेली मतं जशीच्या तशी, वाईटसुद्धा, त्याच बोर्डावर लावा. आणि पोर्कवाल्या दादांना फेस्टिव्हलमधून काढणार असल्याचं गल्लीत कानावर आलंय. खरं असेल तर तसं करू नका, अशी अगदी मनापासून विनंती आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. ते आलं नाही तर तिकिटांच्या आणि कूपनांच्या झेरॉक्स आणि फोटो घेऊन मला ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे आणि अन्नसुरक्षा खात्याकडे जावं लागेल. सोबत ते कार्ड परत पाठवतेय, टिक न केलेलं, मागे छापलेल्या नावांच्या मधल्या जागेत मी ५२ हा आकडा लिहिलाय आणि स्टॉलच्या नावाला गोल केलाय.

आपली,
त्याच गल्लीत राहणारी, चार तिकिटं काढून आलेली ग्राहक

सोबत: तीन कूपनं, चार तिकिटं, कार्ड, तंगडीचा आणि कचरापेटीचा फोटो