सर, त्या पेन्सिलीच्या खुणेबद्दल

आदरणीय सर,

हे तोंडी सांगितलं असतं तर 'त्यात काय एवढं' म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून चारचौघांत लिहितोय.

व्हॉयनिच हस्तलिखिताने मला किती वर्षं झपाटलंय, ते घरचे सांगतील. येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयातली ती चर्मपत्रं, कार्बन चाचणीनुसार १४०४ ते १४३८ मधली. अनोळखी झाडं, हिरव्या पाण्यात उतरलेल्या बायका आणि आजवर कुणालाच न लागलेली लिपी. माझा प्रश्न साधा होता: हे गुप्तलेखन असू शकतं का? एका व्याख्यात्यांनी भर सभेत परग्रहवासीयांवर विनोद करून माझी बोळवण केली. दुसऱ्या विद्वानांनी स्वतःची उकल गळ्यात मारली, तीही अशी की शब्द अडला की भाषा बदलायची!

तुम्ही मात्र लिप्यंतरातली, म्हणजे त्या खुणांना रोमन अक्षरं देऊन लिहिलेली, एक ओळ मला मोठ्याने वाचायला लावलीत. 'कोकेडी कोकेडी' वाचताना मलाच हसू आलं. तुम्ही हसला नाहीत, मोजायला बसवलंत. एक अक्षर आलं की पुढचं पुष्कळदा ओळखता येतं, लॅटिनमध्ये इतकं येत नाही. अक्षरागणिक अक्षर बदलून भाषेची चाल लपत नाही. आपल्या महानुभावांच्या सकळ लिपीसारख्या लिप्या म्हणूनच उकलतात; इथे तसं असतं तर मूळ भाषेची चाल दिसली असती. उलट, पुढे इटालियन विद्वान आल्बर्टीने मांडलेल्या, अक्षरांची अदलाबदल मधूनमधून बदलणाऱ्या फिरत्या चकतीने लिहिलं असतं तर अक्षरं पार विखुरली असती. त्यामुळे तुमचा कल 'गुप्तलेखन नसावं' याकडे. दुसऱ्या महायुद्धातला जपानी 'पर्पल' संकेत फोडणाऱ्या पथकाचे प्रमुख विल्यम फ्रीडमन यांनाही शेवटी ही रचलेली भाषाच वाटली होती. मला पटलं होतं.

आणि मग २०२५ मध्ये तुम्ही स्वतःहून विज्ञान-पत्रकार मायकेल ग्रेश्को यांचा निबंध छापून पाठवलात. फासे टाकून मजकुराची एकेकटी आणि जोड अक्षरं पाडायची, पत्ते सांगतील त्या तक्त्यातून प्रत्येकाला व्हॉयनिचसारखा 'शब्द' द्यायचा. सगळं हाताने, पंधराव्या शतकातल्या साधनांनी. लॅटिन आणि इटालियन मजकूर त्यातून बराचसा व्हॉयनिचसारखाच दिसू लागतो. हस्तलिखित असंच लिहिलं, असा दावा ग्रेश्कोही करत नाहीत; पण गुप्तलेखनाचं दार उघडं राहिलं. समासात पेन्सिलीने, तुमच्या बारीक अक्षरात होतं, 'इथे माझं म्हणणं लंगडं पडतं.'

सर, तो कागद तुम्ही पाठवला नसता तर मला पत्ताही लागला नसता. ज्याला आपला मुद्दा पटलाय त्याच्याच हातात त्या मुद्द्याविरुद्धचा पुरावा आणून देणारी किती माणसं असतात? ज्यांच्या नावापुढे पदव्यांची माळ आहे, त्यांच्यात मला एक भेटलं नाही. मनापासून आभार.

संकेततज्ज्ञ प्रेस्कॉट करियर यांनी शब्दांच्या ठेवणीवरून वेगळ्या काढलेल्या 'ए' आणि 'बी' अशा दोन प्रकारच्या पानांची मोजणी अजून राहिली आहे. तुम्हाला सवड असेल तर येत्या रविवारी वही घेऊन येतो.

तुमचा,
एक विद्यार्थी