दौलतजादा नको, बादली ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात एका वाचकांचं हॅलोविनवर पत्र आलं होतं, की हे भुताखेतांचं परदेशी फॅड आपल्याकडं कशाला आणि त्या नावाखाली तिकडं नागडे नाच चालतात वगैरे. हॅलोविन पुण्यात करावं का नाही याच्याशी मला काही देणंघेणं नाही, ज्याला भोपळा कोरायचाय त्यानं कोरावा, नाहीतर घारगे करावेत. पण ज्याला त्यांनी नागडे नाच म्हणून झटकून टाकलंय ते मी स्वतः बघून आलेय, वयाच्या ६३ व्या वर्षी, स्टेजपासून दुसऱ्या टेबलावर बसून, म्हणून लिहितेय. पत्र लांबेल, आधीच सांगते.

मध्यंतरी मी लेकीकडं होते, अमेरिकेत टेनेसी राज्यात नॅशव्हिल म्हणून गाव आहे तिथं. २०२४ च्या ३१ ऑक्टोबरला आपल्याकडं नरक चतुर्दशी होती आणि तिकडच्या वेळेनुसार अमावस्या आधी लागली त्यामुळं लक्ष्मीपूजन पण त्याच संध्याकाळी आलं, म्हणजे एका पायरीवर पणत्या आणि एका पायरीवर दात विचकलेला भोपळा. बेल वाजली की दारात कुणी वाघ, कुणी चेटकीण, कुणी नुसतंच चादर पांघरलेलं पोर. मी उत्साहानं बेसनाचे लाडू आणायला वळले तर लेक म्हणाली आई थांब, घरचं केलेलं कुणी घेत नाही, पॅकबंद चॉकलेटच द्यायचं. दिवाळीच्या दिवशी दारी आलेल्या पोराला घरचा लाडू द्यायचा नाही हे मला अजून पचलेलं नाही पण असो.

पूजा झाली, नातू झोपला, जावई म्हणाले तुम्ही दोघी जा, मी बसतो याच्यापाशी. लेकीनं दोन तिकिटं आधीच काढून ठेवलेली, मला फक्त "गाण्याचा प्रोग्राम आहे" एवढंच सांगितलेलं. दारावर पासपोर्ट मागितला. एकवीसच्या वरचे आहात का बघायला! माझे पांढरे केस दिसत असून त्या पोरानं जन्मतारीख नीट वाचली आणि हातावर वटवाघळाचा शिक्का मारला.

आता नॅशव्हिल म्हणजे काय ते थोडं सांगते. आमचं नारायणगाव जशी तमाशाची पंढरी, तशी ती कंट्री म्युझिकची, म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यांतनं आलेल्या गाण्यांची. ब्रॉडवे नावाच्या रस्त्यावर दर दहा पावलांवर बार आणि प्रत्येक बारमध्ये भर दुपारीसुद्धा बँड चालू. तिथलं रायमन म्हणून थेटर लेकीनं आधीच दाखवलं होतं, १८९२ साली प्रार्थनेसाठी बांधलेलं, आत अजून चर्चसारखी लांब लाकडी बाकं, आणि १९४३ ते १९७४ त्यांचा ग्रँड ओल ऑप्री हा रेडिओवरचा कार्यक्रम तिथूनच व्हायचा. त्या ऑप्रीत बरीच वर्षं ड्रम वाजवू देत नव्हते म्हणे, आणि मला लगेच आमची हलगी आठवली, ती देवळाच्या बाहेर चालते, सभागृहात नको. या संगीतातलं फिडल, म्हणजे व्हायोलिनच, स्कॉटलंड-आयर्लंडकडच्या गोऱ्यांनी आणलं, बँजो हे तारांचं वाद्य आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांचा, आणि मागून आलेल्या आयरिश लोकांनी हॅलोविन आणला. तिकडं ते सलगम कोरून दिवे करायचे, अमेरिकेत भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला मऊ. म्हणजे ज्याला आपण अमेरिकन म्हणतो ते पण बोटीतनंच उतरलेलं.

हॉल छोटा, ब्रॉडवेपासून लांब, साधारण आमच्या शाळेच्या दोन वर्गांएवढा. स्टेजवर पाच जणांचा बँड, सगळ्यांच्या तोंडाला सांगाड्याचा रंग आणि डोक्यावर काऊबॉय हॅट. त्यातला एक म्हातारा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्याच्यापुढं इस्त्रीच्या टेबलासारखं वाद्य, त्याच्यावर आडव्या तारा, डाव्या हातात लोखंडाची गुळगुळीत दांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, खाली पायानं दाबायच्या पट्ट्या आणि गुडघ्यांनी सरकवायचे खटके सुद्धा, म्हणजे माणूस चारी बाजूंनी कामाला लागलेला. पेडल स्टील म्हणतात त्याला. सूर असा ओढत नेतो की माहेरची आठवण यावी. गाण्यातले शब्द मला निम्मे कळले, निम्मे लेकीनं कानात सांगितले, नवरा सोडून गेला, दारू सुटेना, आईची आठवण, रात्रीची रेल्वे. आपल्याकडं काय वेगळं असतं?

मग निवेदक आला. बाप्याच, पण घागरा, लांब पापण्या आणि टोपीला सैतानाची शिंगं. गवळणीतली मावशीच ती, दुसरा शब्दच नाही. (त्याच टेनेसीनं २०२३ मध्ये असल्या कार्यक्रमांवर बंधनं घालणारा कायदा केला आणि प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा तिकडं सगळं मोकळं रान आहे असं कुणी समजू नये.) त्या मावशीनं आधी दोन-चार फटके आम्हा प्रेक्षकांनाच दिले, ड्रॅक्युलाचे दात लावलेल्या एकाला म्हणाली बायकोनं घरी पण हेच लावायला सांगितलंय का, आणि मग एकदम मास्तरीणबाईच्या आवाजात नियम सांगितले. शिट्ट्या मारा, ओरडा, जेवढं ओरडाल तेवढी नाचणारी खूश, सगळ्यांनी आत्ताच ओरडून दाखवा. हात लावायचा नाही. वाट अडवायची नाही. न विचारता मोबाईल काढायचा नाही. पैसे द्यायचे असतील तर बादली येईल, बादलीत टाका. ज्याला जमणार नाही त्याला दार तिकडं आहे. तीस वर्षं वर्गावर गेलेली बाई मी, मला ते नियम फार आवडले, थोडके आणि स्पष्ट.

पहिला नाच मला नाही आवडला, खरं सांगते, उगाच लांबलेला आणि आवाज कानठळ्या बसवणारा. दुसऱ्याला मात्र स्टेजवर बुजगावणं आलं. गोणपाटाचा सदरा, फाटकी पँट, मडक्यासारखा मुखवटा, हात आडवे पसरून नुसतं उभं. आमच्या कांद्याच्या वावरात असतं अगदी तसं. म्हाताऱ्यानं स्टीलवर एक सूर ओढला आणि बुजगावण्याची एक करंगळी हलली. मग हातमोजा. एकेक बोट दातानं धरून ती मोजा सैल करत होती आणि प्रत्येक बोटातनं खराखुरा पेंढा निघत होता, तो पेंढा ती आमच्या अंगावर भुरभुरवायची आणि हॉल वेडा व्हायचा. एक मोजा काढायला तिनं अख्खं कडवं घेतलं, म्हातारा तिच्या कोपराकडं बघून सूर थांबवत होता, सोडत होता, आपला ढोलकीवाला पायाकडं बघून तोडा मारतो ना तसं. मुखवटा काढला तर आत हसरी, जरा स्थूल, तिशीतली बाई. शेवटी अंगावर काय राहिलं तर खाली चकचकीत चड्डी आणि वर छातीवर चिकटवलेल्या दोन चकत्या, त्यांना झिरमिळ्या, आणि त्या झिरमिळ्या तिनं एक उजवीकडं एक डावीकडं अशा गरागरा फिरवल्या. मी लेकीकडं बघितलं, लेकीनं माझ्याकडं, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की डोळ्यांतनं पाणी. लाज वाटली का तर हो, पहिली दोन मिनिटं वाटली. पण ओरडत होत्या त्यात निम्म्याहून जास्त बायका होत्या हो! नंतर काळ्या मांजराचा वेष केलेला एक मुलगा आला, तिचे कपडे गोळा केले, झाडूनं पेंढा लोटला आणि त्याला पण टाळ्या मिळाल्या. तोच मुलगा मग बादली घेऊन टेबलाटेबलावरून फिरला.

याला बर्लेस्क म्हणतात. मूळ शब्दातच थट्टा आहे, नागडेपणा नाही. १८६८ साली लिडिया थॉम्पसन नावाची नटी लंडनहून बायकांचा ताफा घेऊन न्यूयॉर्कला आली, बायकांनी पुरुषांची सोंगं घेऊन मोठ्या लोकांची टिंगल करायची, गाणी, कोट्या, आणि पायाला घट्ट मोजे, त्या पायांवरूनच गदारोळ. म्हणजे आपली बतावणी आणि रंगबाजी एकत्र. पुढं कपडे उतरवणं वाढत गेलं आणि १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरांनी, ला गार्डिया त्यांचं नाव, ही थेटरं बंद करवली, पाटीवर तो शब्दसुद्धा लिहू देईनात. आणि आपल्याकडं? १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारनं अश्लील म्हणून तमाशावर बंदी घातली, नंतर उठवली ती सेन्सॉर लावून. दहा-अकरा वर्षांचा फरक आणि सबब एकच. तिकडं मात्र १९९० नंतर शिकल्यासवरल्या बायकांनी तो प्रकार पुन्हा उचलला, आपल्या मर्जीनं, आपल्या अटींवर. त्या बुजगावण्याशी शो संपल्यावर लेक बोलली, ती दिवसा दातांच्या दवाखान्यात काम करते, तो सदरा तिनं घरीच शिवलाय आणि पेंढा हाताला टोचू नये म्हणून मोज्याला आतनं अस्तर लावलंय. मी तिला लेकीकरवी सांगितलं की आमच्याकडं नऊवारीत अंगभर झाकून, पायात किलो किलोचे चाळ बांधून बाई नाचते आणि तरी लोकांना कमी दिसतं असं होत नाही. तिला चाळ काय ते कळेना, मी पाय आपटून दाखवला.

आता मला जे सांगायचंय ते. मी नारायणगावच्या जवळच्या गावची. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथं फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. लहानपणी आम्हा मुलींना त्या रस्त्यानं जायचं नाही अशी ताकीद होती. विठाबाईंची कीर्ती केवढी, पोटुशी असताना नाचल्या, मधेच बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, राष्ट्रपतींनी गौरवलं, हे सगळं आम्ही अभिमानानं सांगायचो पण तमाशा बघायला घरातली बाई एकही गेली नाही. म्हणजे मी आयुष्यात असला पहिला शो बघितला तो सातासमुद्रापलीकडं.

नोकरीला लागल्यावर माझ्या चौथीच्या वर्गात फडातली एक मुलगी होती. दसऱ्याला फड बाहेर पडला की हजेरीपटावर तिच्यापुढं नुसत्या गैरहजेरीच्या खुणा. एका वर्षी आजीपाशी राहिली म्हणून गॅदरिंगच्या नाचात घेतली, पोरगी काय नाचायची, पाय ठेवला की ताल लागायचा. दोन पालक येऊन म्हणाले आमच्या मुली तमासगिराच्या पोरीबरोबर नाचणार नाहीत. आणि मी तिला काढलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती, मीच काढलं, पडदा ओढायचं काम दिलं. तिनं पडदा अगदी वेळेवर ओढला.

तर त्या वाचकांना माझं म्हणणं एवढंच की तिकडच्या नाचाची काळजी सोडा, इकडच्या जत्रेत या. कपडे पूर्ण असतात बाईच्या अंगावर, आणि समोरचा काय करतो? नोट हातात धरून हलवत बसतो, तिनं खाली यायचं, नोट ओढली की हा सोडत नाही, मनगट धरतो, बाजूचे हसतात. दौलतजादा म्हणायचं त्याला, परंपरा म्हणायचं. तीनशे मोबाईल वर, दुसऱ्या दिवशी तिची क्लिप कुठल्या कुठल्या ग्रुपवर. दगड पडतात, पाल फाटतो, आणि पेपरात बातमी येते "लावणीच्या कार्यक्रमात राडा", जसं काही राडा लावणीनंच केला. नॅशव्हिलला त्या ड्रॅक्युलानं दोन बियर झाल्यावर जाणाऱ्या बाईच्या झालरीला हात लावला, लगेच एक आडदांड माणूस आला, खांद्यावर हात ठेवला, आणि तो मुकाट बाहेर. बँड थांबला पण नाही.

यात्रा कमिट्यांना माझी विनंती आहे, आणि ती तुम्ही ठळक छापा. गण व्हायच्या आधी निवेदकानं माईकवर चार नियम सांगावेत, सोंगाड्यानं सांगितले तर अजून बरं, हसत हसत ऐकतील. नोटा हातात धरायच्या नाहीत. बोर्डाच्या कडेला बादली ठेवा, पत्र्याची चालेल, फडातलाच एखादा माणूस ती फिरवेल, आणि बादलीतले पैसे नाचणारीला आणि वाजवणाऱ्यांना मिळतात का ते कमिटीनंच बघावं. राडा करणाऱ्या पोरांना उचलायला गावचेच दोन पैलवान उभे करा, तालमीत बसूनच असतात. आणि बायकांना पुढं बसायला जागा ठेवा, आम्ही येतो.

पत्र काटछाट करून छापलंत तरी चालेल, रायमन आणि लिडियाबाई गाळा हवं तर, पण बादलीचं गाळू नका.

आपली एक जुनी वाचक,
(निवृत्त प्राथमिक शिक्षिका), ता. जुन्नर, जि. पुणे