माझी दाढ वाचवणाऱ्या हातांना

भाकरीत खडा आला आणि खालच्या उजव्या दाढेचा एक कंगोरा उभा तुटला. आता दाढ काढणार, या धास्तीनेच मी दवाखान्यात आले.

डॉक्टरबाई, एक्स-रे बघून तुम्ही म्हणालात, "नस जिवंत आहे. रूट कॅनाल नको, सगळी दाढ कोरून कॅपही नको. ऑनले बसवू." कंगोऱ्यांच्या मधला खड्डा भरतो तो इनले, तुटका कंगोराही झाकतो तो ऑनले, हे प्लास्टरच्या दातांवर बोट ठेवून सांगितलंत. बाहेर रांग असताना दिलेली ती दहा मिनिटं मी विसरणार नाही.

मदतनीस ताई, दाढेभोवती रबराचा पडदा लावला तेव्हा मी घाबरले होते. "नाकाने श्वास घ्या, सावकाश," म्हणत तुम्ही खांद्यावर हात ठेवलात.

आणि लॅबमधले तंत्रज्ञ, तुम्हाला तर मी पाहिलंही नाही. तुमच्याकडे गेलं फक्त माझ्या दातांचं माप. परत आला सिरॅमिकचा इवलासा तुकडा, शेजारच्या दाढेच्याच रंगाचा, बारीक खाचांसकट. १९०७ मध्ये अमेरिकेत विल्यम टॅगर्ट यांनी मेणाच्या नमुन्यावरून सोन्याचे इनले ओतायची रीत मांडली होती. आज सोन्याजागी बहुधा सिरॅमिक असतं, पण हाताची नजाकत तीच लागते. चिकटवल्यावर रंगीत कागद चावून पाहिला, कुठेच उंच लागलं नाही.

काल त्याच बाजूने शेंगदाणे खाल्ले. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.