दुसरा कोअर हवा, पण कुलपासकट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत रास्पबेरी पाय पिकोवर (दोन कोअर, म्हणजे दोन प्रोसेसर असलेल्या छोट्या बोर्डवर) मायक्रोपायथन (अशा बोर्डांसाठीचं छोटं पायथन) वापरून दोन कामं एकाच वेळी चालवण्याचा लेख आला. मराठीत असं लिखाण क्वचितच दिसतं, म्हणून कौतुक आहेच. पण त्यातला कोड जसाच्या तसा उतरवणारा विद्यार्थी तासाभरात अडकेल. लेखात थ्रेड (सोबतीनं चालणारं दुसरं काम) सुरू करायला शिकवलं आहे, लॉकचा (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाचा) मात्र उल्लेखही नाही.

संगणकावरच्या नेहमीच्या पायथनमध्ये जीआयएल (ग्लोबल इंटरप्रिटर लॉक) असतो, म्हणजे थ्रेड आळीपाळीनं चालतात. ईएसपी-३२ या दुसऱ्या लोकप्रिय चिपच्या मायक्रोपायथनमध्येही तेच. पिकोवर जीआयएल नाही, दोन्ही कोअर खरोखर एकाच क्षणी चालतात. फायदा हाच, आणि घोळही इथेच. प्रयोग सोपा आहे: एक ग्लोबल 'मोजणी' ठेवा, दोन्ही कोअरवर लूप लावून ती एक-एकने प्रत्येकी १,००,००० वेळा वाढवा आणि दोन्ही लूप संपल्यावर छापा. २,००,००० यायला हवेत. येतात कमी, आणि दर वेळी वेगळे. कारण 'एकने वाढव' ही एक कृती नाही: वाचणं, बेरीज, परत लिहिणं अशा तीन पायऱ्या आहेत. दोघांनी ४० वाचले की दोघंही ४१ लिहितात, एक वाढ गायब.

उपाय म्हणजे लॉक तयार करणारं अलोकेट_लॉक हे फंक्शन. एकच लॉक ग्लोबल करून दोन्हीकडे 'विथ लॉक' खाली ती ओळ लिहा. नुसतं अक्वायर-रिलीज (कुलूप लावणं-उघडणं) लिहिलं आणि मध्येच एरर आली, तर कुलूप बंदच राहतं आणि दुसरा कोअर ताटकळत बसतो. स्लीप किंवा सेन्सरचं वाचन लॉकच्या आत कधीही नको. आकडा बाहेर मिळवा, आत फक्त ठेवा.

लेखात उदाहरण घेतलंय डीएचटी-२२ या तापमान-आर्द्रता सेन्सरचं. त्याच्या दोन वाचनांत २ सेकंद जाऊ द्यावे लागतात, म्हणजे दुसरा कोअर बहुतेक वेळ झोपलेलाच. हे काम असिंकआयओवर (एकाच कोअरवर कामं आळीपाळीनं चालवणाऱ्या मॉड्यूलवर) निवांत होतं, लॉकचीही गरज पडत नाही. दुसरा कोअर खरा उपयोगी पडतो तो चार आकडी सेव्हन-सेगमेंट डिस्प्लेला. तिथे दर काही मिलिसेकंदांनी पुढचा आकडा पेटवावा लागतो. त्याच लूपमध्ये एचसी-एसआर०४ या अंतर मोजणाऱ्या सेन्सरच्या प्रतिध्वनीची वाट पाहिली की आकडे लुकलुकतात. डिस्प्ले दुसऱ्या कोअरवर टाका, लुकलुक थांबते. (या सेन्सरची एको पिन ५ व्होल्टची आहे, पिको ३.३ ची. मध्ये १ के आणि २ के रेझिस्टरचा, व्होल्टेज कमी करणारा डिव्हायडर हवाच.)

आणखी काही खाचखळगे. मायक्रोपायथन इथे मुख्य प्रोग्रामखेरीज एकच थ्रेड देतं. आणखी एक मागितला की 'कोअर१ इन यूज' ही ओएसएरर. नवख्यांना ती भलत्याच कारणाने दिसते: कंट्रोल-सी दाबल्यावर पहिला कोअर थांबतो, दुसरा चालूच राहतो, आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करताना एरर येते. कंट्रोल-डी दाबून सॉफ्ट रिसेट करा. त्याहून बरं म्हणजे दुसऱ्या लूपला 'व्हाइल ट्रू' ऐवजी 'व्हाइल चालू' लिहा आणि मुख्य प्रोग्रामच्या 'फायनली' मध्ये 'चालू' फॉल्स करा. थ्रेड सुरू करणाऱ्या स्टार्ट_न्यू_थ्रेडला आर्ग्युमेंट टपलमध्येच (कंसातल्या यादीत) लागतात: एकच असेल, समजा २००, तर त्यानंतर स्वल्पविराम, काहीच नसेल तर रिकामा कंस. रॅम २६४ केबी, तीही दोन्ही कोअरमध्ये सामायिक. म्हणून वेगवान लूपमध्ये नव्या लिस्ट करत बसू नये, बाइटअॅरे (बाइटांचा साठा) आधीच करून ठेवावा.

लेखातला 'पिन २५' चा एलईडी साध्या पिकोवर पेटेल. पिको डब्ल्यू या वायफायवाल्या पिकोवर तो वायफाय चिपला जोडलेला असल्याने पेटणार नाही. तिथे पिनच्या जागी अवतरणात 'एलईडी' हे नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत द्यावं लागतं.

पुढच्या रविवारी निदान लॉकच्या दोन ओळी आणि एलईडीची ही दुरुस्ती चौकटीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे