वचन सावकाश वाचावे

महोदय,

वर्षभरात संपूर्ण बायबल वाचण्याचा संकल्प चांगलाच. पण रोज तीन-चार अध्याय उरकताना प्रार्थनेला जागा उरत नाही. बाराव्या शतकात कार्थुसियन या ख्रिस्ती संन्यासी संघाचे मठाधिपती दुसरे गिगो यांनी बायबल वाचण्याच्या वाचन, मनन, प्रार्थना आणि ईशचिंतन अशा चार पायऱ्या सांगितल्या. कोल्हापुरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी रविवारच्या उपासनेनंतर अर्धा तास त्यासाठी ठेवावा, अशी कळकळीची विनंती.

उतारा सहा ते दहा वचनांचाच घ्यावा. मार्कच्या शुभवर्तमानातला (१०:४६-५२) आंधळा बार्तीमय सुरुवातीला उत्तम. मोठ्याने, हळू, दोनदा वाचावे. जो शब्द मनाला धरेल तिथे थांबून तोच पुटपुटत राहावे; हेच मनन. नामस्मरण मुरलेल्या आपल्या मुलखात हे जड जाऊ नये. मग मनात उठेल ते देवाशी बोलावे आणि शेवटी काही न मागता पाच-दहा मिनिटे बसावे. ही शेवटची पायरी प्रयत्नाने मिळत नाही, ती कृपा आहे.

बिघडते ते बहुधा मननात. वचनांचा अर्थ उलगडणारे टीकाग्रंथ उघडतात, कुणी प्रवचनच सुरू करतो. अभ्यास हवाच, पण तो आदल्या दिवशी. मन भरकटले तर न चिडता त्याच शब्दाकडे परतावे. गटात प्रत्येकाने फक्त आपला शब्द सांगावा, स्पष्टीकरण नको.

– एक वाचक, कोल्हापूर