जाहिरातीतली ‘दहा मिनिटे’ आणि पहिला फ्लॅट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालमत्तेच्या पानांवर नव्या गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत एक छोटा नकाशा असतो. त्यात स्टेशन, शाळा, रुग्णालय, मॉल सगळे इमारतीला खेटून उभे असतात. मधला नाला, रेल्वेचे रूळ, बंद कारखान्याची लांबलचक भिंत यांचा पत्ताच नसतो. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेले असते, ‘नकाशा प्रमाणात नाही’. पहिल्यांदा घर घेणारे कित्येक जण याच नकाशाच्या भरवशावर परिसर ठरवून टाकतात आणि सगळा चोखंदळपणा टाइल्स, नळ आणि स्वयंपाकाचा ओटा निवडण्यावर खर्च करतात. टाइल्स उद्या उखडून नव्या बसवता येतात. रस्त्याचा आवाज, पाण्याचा दाब आणि ऑफिसचे अंतर यांना मात्र घरमालक हात लावू शकत नाही. चूक निस्तरायला घर विकावे तर दलाली, नव्या घराचे मुद्रांक शुल्क, नोंदणी, कर्जाची प्रक्रिया असा सगळा खर्च पुन्हा उभा राहतो. म्हणून आधी परिसर मोजावा आणि मगच फ्लॅट बघायला जावे. मोजणे हा शब्द इथे शब्दशः घ्यावा.

सुरुवात त्या ‘स्टेशनपासून दहा मिनिटे’पासून करू. सडसडीत चालणारा माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, म्हणजे दहा मिनिटांत ८०० मीटर. जाहिरातीतली दहा मिनिटे पुष्कळदा रिकाम्या रस्त्यावरच्या गाडीची असतात, किंवा नकाशावर टाचणी रोवून काढलेल्या वर्तुळाची. पाय वर्तुळाने जात नाहीत. मध्ये रूळ किंवा नाला असला आणि पूल दूर असला, तर सरळ रेषेतले ५०० मीटर चालताना सहज सव्वा किलोमीटर होतात. रुंद रस्ता ओलांडायचा असेल तर सिग्नलचे हिरवे सेकंद घड्याळ लावून मोजा. २० मीटरचा रस्ता सेकंदाला १.२ मीटर या चालीने पार करायला १७ सेकंद लागतात. गुडघे दुखणारी आजी सेकंदाला ०.८ मीटर चालते असे धरले तर तिला २५ सेकंद हवेत. सिग्नल १५ सेकंदांचा असेल तर पलीकडची बाग तिच्यासाठी नाहीच.

कामावर जाण्याचा प्रवास रविवारी दुपारी करून बघण्यात काही अर्थ नाही. ज्या दिवशी आणि ज्या वेळेला रोज निघायचे, त्याच वेळेला दारापासून दारापर्यंत जाऊन बघावे, तेही किमान दोनदा, आणि संध्याकाळी परत यावे. येण्याची वेळ जाण्याच्या वेळेइतकीच असेल असे गृहीत धरू नये. बसने जायचे असेल तर थांब्यावर अर्धा तास उभे राहून किती बस आल्या, त्यांतल्या किती थांबल्या आणि किती माणसे चढू न शकल्याने मागे राहिली, हे मोजावे. दर १० मिनिटांनी बस आहे म्हणजे सरासरी ५ मिनिटे थांबावे लागेल, हा हिशेब बस एकसारख्या अंतराने आल्या तरच खरा. त्याच बस दोन-दोन जोडीने दर २० मिनिटांनी येत असतील तर तासातल्या फेऱ्या तेवढ्याच राहतात, पण सरासरी थांबणे १० मिनिटांवर जाते. वेळापत्रक वाचून हे कळत नाही.

लांबचा फ्लॅट स्वस्त पडतो असे म्हणतात. एका बाजूला ४० मिनिटे जास्त लागत असतील तर दिवसाला ८० मिनिटे जातात. वर्षाला कामाचे २४० दिवस धरले तर ३२० तास, म्हणजे आठ तासांचे ४० पूर्ण दिवस. चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडले होते, की साधने कितीही वेगवान झाली तरी माणूस रोज सरासरी तासाभराचाच प्रवास करत आला आहे. त्याहून बराच जास्त प्रवास पदरी घेताना आपण तो झोपेतून काढणार की मुलांच्या वेळेतून, हे आधीच ठरवलेले बरे. पैशाच्या बाजूने पाहायचे तर शिकागोच्या ‘सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी’ या संस्थेचा मापदंड कामाचा आहे. घराचा आणि प्रवासाचा खर्च मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असावा, असे ती म्हणते. घराचा हप्ता एकटा बघितला की शहराच्या टोकाचे घर परवडते. त्यात दुसऱ्या गाडीचा हप्ता, इंधन आणि पार्किंग घातले की तेच घर पुष्कळदा आवाक्याबाहेर जाते.

पहिल्या घराच्या बाबतीत एक खास चूक होते. आजच्या नोकरीच्या ऑफिसजवळ घर घेतले जाते. नोकरी दोन-चार वर्षांत बदलते, कर्ज वीस वर्षांचे असते. एका ऑफिसपासून जवळ असण्यापेक्षा, जिथून तीन-चार कामाच्या भागांकडे एका गाडीत किंवा फार तर एक गाडी बदलून जाता येते, अशी जागा जास्त टिकते. घरात दोघे कमावणारे असतील तर दोघांच्या ऑफिसपासून ४५ मिनिटांत गर्दीच्या वेळी पोहोचता येईल असे दोन पट्टे नकाशावर रंगवावेत आणि जिथे ते एकमेकांवर येतात तिथेच घर शोधावे. तो तुकडा लहान निघाला तरी हरकत नाही, शोध लवकर संपतो. मेट्रो ‘येणार आहे’ म्हणून आज जास्त पैसे मोजू नयेत. आराखड्यातल्या रेषेत बसून कोणी ऑफिसला जात नाही, आणि काम सुरू झाले की काही वर्षे तरी दारासमोर पत्रे उभे असतात.

आता पाणी, आधी जास्तीचे आणि मग कमी पडणारे. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दांनी फार फसवणूक होते. त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता, आणि ती दर वर्षी नव्याने. वीस वर्षांच्या कर्जात तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के होते. पूररेषेचा नकाशा मिळाला तर जरूर बघावा, पण भिंती जास्त प्रामाणिक असतात. तळमजल्यावरचे विजेचे मीटर बघा. ते डोक्याच्या उंचीवर असतील आणि खाली कंबरेच्या उंचीवर जुन्या पेटीच्या स्क्रूंची चार भोके बुजवलेली दिसत असतील, तर पाणी कुठवर आले होते हे कोणाला विचारायची गरज नाही. कुंपणाच्या भिंतीला कंबरेपर्यंतच नवा रंग, त्याखाली लोणा लागून सुटलेले पोपडे, दुकानांच्या उंबऱ्याशी फळ्या सरकवायच्या लोखंडी खाचा, ही सगळी एकाच गोष्टीची चिन्हे आहेत. आडव्या ओळीत सलग दिसणारा मातकट डाग म्हणजे साचलेले पाणी. वरून खाली ओघळलेला डाग असेल तर तो गच्चीचा किंवा पाइपचा दोष, आणि तो दुरुस्त होतो.

परिसराची चौकशी विकणाऱ्याकडे करू नये हे सांगायला नकोच. पण शेजाऱ्यांनाही ‘इथे कसे आहे?’ असे विचारले तर ‘छान आहे’ एवढेच उत्तर मिळते. स्वतःच्या परिसराची बदनामी कोण करील? प्रश्न बारीक हवा. ‘गेल्या पावसाळ्यात जोराचा पाऊस झाला तेव्हा गाडी कुठे लावली होती?’ असे विचारले की माणूस आपोआप खरे बोलतो. ‘उन्हाळ्यात नळाला किती वाजता आणि किती वेळ पाणी असते?’ हा दुसरा. हे प्रश्न वॉचमनला, इस्त्रीवाल्याला आणि विशेषतः त्या भागातल्या प्लंबरला विचारावेत. प्लंबरइतकी परिसराची कुंडली कोणालाच ठाऊक नसते.

पाणी १० मीटर वर चढवायला दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब लागतो. रस्त्याखालच्या नळात तेवढाच दाब असेल तर पाणी फार तर तिसऱ्या मजल्यापर्यंत जाईल. त्यावरच्या सगळ्यांचे पाणी खालच्या टाकीतून पंपाने चढते, म्हणजे वीज गेली की पाणीही गेले. त्यामुळे पंपाला जनरेटर जोडलेला आहे का आणि खालच्या टाकीत किती दिवसांचे पाणी मावते, हे विचारावे. गल्लीत सकाळी टँकर उभे दिसले तर त्यांचा महिन्याचा खर्च देखभालीच्या आकारात धरला आहे का, हेही बघावे.

आवाजाबद्दल दोन गैरसमज आहेत. पहिला, रस्त्यापासून थोडे आत गेले की शांतता मिळते. वाहत्या रस्त्याचा आवाज अंतर दुप्पट केल्यावर फक्त ३ डेसिबलने उतरतो, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. म्हणजे ५० मीटरऐवजी १०० मीटर आत गेल्याने फारसे काही साधत नाही. मध्ये सलग इमारतींची रांग असेल तर मात्र मोठा फरक पडतो. दुसरा गैरसमज, वरचे मजले शांत असतात. खालच्या मजल्यांना निदान कुंपणाचा थोडा आडोसा असतो. वरच्या खिडकीतून रस्ता जितका लांबवर दिसतो तितका त्याचा आवाज थेट येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत रस्त्याचा रात्रीचा आवाज घराबाहेर सरासरी ४५ डेसिबलच्या खाली असावा असे म्हटले आहे. मोबाइलवरचे मापक अचूक नसते, पण दोन फ्लॅटमधला किंवा दोन खोल्यांमधला फरक कळायला ते पुरते. रात्री अकरानंतर झोपायच्या खोलीची खिडकी उघडून दहा मिनिटे मोजा, मग बंद करून मोजा. गतिरोधक, चढ, सिग्नल आणि बस डेपो यांच्या जवळ गाड्या गिअर बदलतात, ब्रेक मारतात. तो मधूनमधून उसळणारा आवाज सरासरीत नीट दिसत नाही, झोप मात्र मोडतो.

ज्या रस्त्याचा आवाज, त्याचाच धूर. मोठ्या रस्त्याचा धूर पहिल्या दीडशे-दोनशे मीटरमध्ये सर्वांत दाट असतो. कचरा डेपो किंवा मैलापाणी प्रकल्प जवळ असेल तर भर दुपारी जाऊन ‘वास येत नाही’ असा निर्वाळा देऊ नये. रात्री आणि पहाटे हवा स्थिर असते, वास जमिनीलगत साचतो. पहाटे पाच-सहाला जावे, आणि वर्षात वारा कोणत्या महिन्यांत तिकडून इकडे वाहतो हे तिथे राहणाऱ्यांकडून काढून घ्यावे.

मोकळ्या प्लॉटकडे बघून ‘व्ह्यू’चे पैसे देणाऱ्यांनी शहराचा विकास आराखडा उघडावा. तो प्लॉट कशासाठी राखीव आहे, तिथे किती उंच बांधता येते आणि रस्तारुंदीची रेषा आपल्या कुंपणातून जाते का, या तीन गोष्टी त्यात आणि बांधकामाच्या नियमांत सापडतात. समजा आपल्या खिडकीसमोर १२ मीटरवर ३० मीटर उंचीची इमारत उभी राहिली. सूर्य तिच्या मागे ३० अंशांवर असताना तिची सावली आपल्या भिंतीवर २३ मीटरपर्यंत चढते, म्हणजे साधारण सातव्या मजल्यापर्यंत ऊन नाही. होकायंत्र मोबाइलमध्येच असते, दिशा विचारत बसू नये.

गल्लीची रुंदी मात्र टेपने मोजावी, आणि तीही रात्री, गाड्या लागल्यावर. मोटार साधारण १.८ मीटर रुंद असते. ६ मीटरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मध्ये उरतात २.४ मीटर. अग्निशमनाचा बंब साधारण अडीच मीटर रुंद असतो. म्हणजे तो आत येत नाही. दिवसा दलालाबरोबर बघितलेली प्रशस्त गल्ली ती हीच.

शाळा, दवाखाना, बाजार यांबद्दल सगळे लिहितात, त्यामुळे एवढेच सांगतो. आठवड्याला जिथे पाच वेळा जायचे ते चालत जाण्याच्या अंतरात असावे. महिन्यातून एकदा जायची ठिकाणे लांब असली तरी चालते. मॉल दुसऱ्या प्रकारात मोडतो, जाहिरातीत तो पहिल्या ओळीत असला तरी.

एवढे करूनही मन घेत नसेल तर त्याच परिसरात काही महिने भाड्याने राहावे, त्यात पावसाळा येईल असे बघून. भाडे फुकट जाते असे म्हणणाऱ्यांनी ते मुद्रांक शुल्काशी ताडून बघावे. आणि चांगल्या परिसरातला लहान फ्लॅट की अडचणीच्या परिसरातला मोठा, असा पेच पडला तर माझे मत लहान फ्लॅटच्या बाजूने आहे, घरातली माणसे त्यात मावत असतील तोवर. चांगल्या परिसरातल्या लहान फ्लॅटला भाडेकरूही मिळतो आणि गिऱ्हाईकही.

संपादक महोदय, आपल्याकडे मागणे छोटे आहे. जाहिरातीत अंतर मिनिटांत छापायचे असेल तर त्यापुढे चालत की गाडीने, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे छापण्याची अट आपण घालू शकता. त्याहून सोपे म्हणजे अंतर मीटरमध्ये, प्रत्यक्ष रस्त्याने मोजलेले. आणि नकाशा प्रमाणात नसेल तर तो छापूच नये. त्या जागेत इमारतीपुढच्या रस्त्याची रुंदी आणि पाणी कुठून येणार ते लिहिता येईल. दोन ओळी पुरतात.

आपला,
एक नियमित वाचक